कान देऊन : एस्थरचा आवाज

गेल्या महिन्यात या सदरात एस्थर फिलिप्सच्या ‘फ्रॉम अ व्हिस्पर टू अ स्क्रीम’ या अल्बमवर लिहिलं होतं. १९७२ सालचा, कुडू लेबलचा, नऊ गाण्यांचा अमेरिकन अल्बम. एकाच वेळी जॅझ, सोल (चर्चच्या गाण्यातून आलेलं कृष्णवर्णीयांचं भावभरलं गाणं) आणि फंक (त्याचंच ठेक्यावर उभं राहिलेलं रूप). त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना त्यांच्यासाठीच ठेवते. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. जे प्रश्न अनेकांनी विचारले, ते घेतले आहेत. एक मात्र एकीनेच विचारलेला आहे, आणि तोच मला सगळ्यात जास्त भिडला.

ताई, अल्बम ऐकला. वाद्यं फार आवडली, पण बाईंचा आवाज नाकातला, बारीक आणि बोचरा वाटला. सोल म्हटल्यावर भरदार, घुमारेदार आवाज असेल असं वाटलं होतं. माझे हेडफोन साधे आहेत, म्हणून असं होतंय का?

हेडफोनचा काही दोष नाही. आवाज तसाच आहे. नाकातून येतो, कडेने धारदार आहे, आणि ओळीच्या शेवटी एक बारीक, जलद कंप घेऊन झटकन संपतो.

मला स्वतःला हा आवाज नावाशिवाय भेटला. एका मैत्रिणीने भरून दिलेली कॅसेट होती, वर काहीच लिहिलेलं नव्हतं. कोण गातंय हे कळायला मला वर्षभर लागलं. पहिले काही दिवस मीही तुमच्यासारखीच अडखळले. ही बाई तरुण की म्हातारी, हेच कळेना. एका ओळीत हट्टी मुलगी वाटायची, पुढच्या ओळीत सगळं पाहून झालेली बाई. मग एकदा हातातलं काम करता करता कॅसेट चालू होती आणि लक्षात आलं की मला इंग्रजी गाण्यातला एकेक शब्द समजतोय. कान ताणावा लागत नाहीये. एवढी वाद्यं वाजताहेत आणि तरी एकही अक्षर बुडत नाही. धार असते ती यासाठी.

हे तिने डायना वॉशिंग्टनकडून उचललं. डायना तिचं दैवत होती. डायनाच्या गाण्यातही शब्द असेच घासूनपुसून समोर ठेवलेले असतात. एस्थरने १९७५ मध्ये डायनाचंच १९५९ सालचं गाजलेलं ‘व्हॉट अ डिफरन्स अ डे मेक्स’ डिस्कोच्या ठेक्यावर गायलं, आणि तिच्या उत्तरायुष्यातलं ते सगळ्यात लोकप्रिय गाणं ठरलं. दोन्ही एकामागोमाग ऐका, उसनं काय आणि स्वतःचं काय ते लगेच कळेल. एस्थर जास्त आंबट आहे. मला तो आंबटपणा आता इतका लागतो की गोड गळे ऐकताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

आठ दिवस द्या. रोज एकच गाणं ऐका. नाहीच आवडला, तर नाही. गळा आवडायलाच हवा असं कुणी कुणावर लादू शकत नाही.

याला जॅझ म्हणायचं, सोल की फंक? एका ठिकाणी जॅझमध्ये टाकलाय, दुसरीकडे सोलमध्ये. नक्की काय?

खोलीत कोण कोण होतं ते सांगते, म्हणजे गोंधळ का होतो ते कळेल.

निर्माता क्रीड टेलर. हा जॅझमधला मातब्बर माणूस. इम्पल्स हे लेबल त्याने १९६० मध्ये सुरू केलं. पुढे स्वतःचं सीटीआय काढलं, आणि सोलकडे झुकणाऱ्या संगीतासाठी त्याचंच धाकटं भावंड म्हणून कुडू. ध्वनिमुद्रण झालं न्यू जर्सीतल्या एंगलवूड क्लिफ्सला, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत. उंच लाकडी छताची ती वास्तू म्हणजे जॅझवाल्यांचं देऊळच. व्हॅन गेल्डर आधी दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात ध्वनिमुद्रण करायचा. इथवर सगळं जॅझ.

आता संगीत संयोजन कुणाचं? पी वी एलिसचं. हा गायक जेम्स ब्राऊनच्या ताफ्यातला सॅक्सोफोनवाला. ब्राऊनच्या १९६७ च्या ‘कोल्ड स्वेट’ या गाण्याचा सहरचनाकार. फंकचा जन्म ज्या गाण्यांतून झाला असं मानतात, त्यातलं हे एक. जेम्स ब्राऊनचा हट्ट असायचा की आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र यायचं, बाकी ज्याला जे वाजवायचं ते वाजवा. आपल्याकडच्या माणसाला सम माहीत असते, त्यामुळे फंक समजायला आपल्याला फारसा वेळ लागत नाही असं मला नेहमी वाटतं.

शिवाय बेसवर गॉर्डन एडवर्ड्स, कीबोर्डवर रिचर्ड टी, गिटारवर कॉर्नेल डुप्री आणि एरिक गेल. या चौघांनी पुढे ‘स्टफ’ नावाचा बँड काढला. ड्रमवर बर्नार्ड पर्डी. तालवाद्यांवर ब्राझीलचा एअर्टो मोरेरा, जो त्याआधी जॅझमधल्या ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसबरोबर वाजवत होता. गाणी कुठून आणली? दोन न्यू ऑर्लिन्सच्या अ‍ॅलन टुसांची, त्यातलं एक शीर्षकगीत. ‘बेबी, आय अ‍ॅम फॉर रिअल’ हे मार्विन गे आणि अ‍ॅना गॉर्डी गे यांचं, म्हणजे मोटाउन या सोलसाठी गाजलेल्या लेबलच्या घरातलं.

तर माझं उत्तर असं. ठेका फंकचा, गाणी सोलची, आणि त्या ठेक्यावर शब्द टाकायची रीत जॅझची. एस्थर मात्रेवर क्वचितच येते. थोडी मागे रेंगाळते, वाद्यांना पुढे जाऊ देते आणि मग तीन शब्द एकदम टाकून हिशेब चुकता करते. हे लिहून देता येत नाही, त्या क्षणी सुचावं लागतं.

ती स्वतः कप्पे पाळणारी कधीच नव्हती. १९६२ मध्ये तिचं ‘रिलीज मी’ हे कंट्री संगीतातलं गाणं रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर आणि सर्वसाधारण यादीत आठव्या क्रमांकावर गेलं. १९६५ मध्ये तिने बीटल्सचं प्रेमगीत स्त्रीच्या बाजूने गायलं. अल्बम कुठल्या खणात ठेवायचा ही विकणाऱ्यांची अडचण आहे, तिची नव्हती.

एक नावड मात्र सांगून टाकते. काही गाण्यांत व्हायोलिनांचा थर जरा जास्तच चढला आहे. सीटीआयची ती खासियत होती, पुष्कळांना आवडते. मला तिथे वाटतं, आवाज आणि ठेका पुरे होता.

पहिलं गाणं ‘होम इज व्हेअर द हेट्रेड इज’ ऐकलं आणि मग तिच्याबद्दल वाचलं. स्वतः हेरॉइनच्या व्यसनात होत्या, आणि गाणंही व्यसनी माणसाचंच. आता ते ऐकताना अपराधी वाटतं. कुणाची जखम मजेने बघत बसल्यासारखं. माझ्या घरातही हे झालेलं आहे. असं गाणं ऐकावं का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सावकाश उत्तर देते.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एस्थर मे जोन्स, जन्म १९३५, गॅल्व्हस्टन, टेक्सास. १९४९ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या बॅरलहाउस क्लबात हौशी कलाकारांच्या स्पर्धेत गायली आणि जॉनी ओटिसने तिला आपल्या ताफ्यात घेतलं. वय तेरा. १९५० मध्ये ‘डबल क्रॉसिंग ब्लूज’ रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आलं. वय चौदा. ‘लिटल एस्थर’ म्हणत तिला. चौदाव्या वर्षी मोठ्या बाईचं दुखणं गाणारी मुलगी, रात्रीचे कार्यक्रम, गावोगावचे दौरे. विशी गाठेपर्यंत हेरॉइन आलेलं होतं. नंतरची कितीतरी वर्षं येणं-जाणं, उपचार, पुन्हा तेच. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ती कॅलिफोर्नियातल्या सिनानॉन या व्यसनमुक्ती संस्थेत राहिली आणि मग पुन्हा गायला उभी राहिली. हा अल्बम त्यानंतरचा. १९८४ च्या ऑगस्टमध्ये ती गेली तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती.

आता गाणं. ते तिने लिहिलेलं नाही. लिहिलं गिल स्कॉट-हेरनने, आणि १९७१ च्या ‘पीसेस ऑफ अ मॅन’मध्ये स्वतः गायलं. तेव्हा तो जेमतेम बाविशीतला. गाण्यातला माणूस संध्याकाळच्या अंधुक उजेडात चालतो आहे, घराकडे जायची त्याला भीती वाटते, कारण घर म्हणजेच दुखणं.

दोन्ही गाणी शेजारी ठेवून ऐका. गिलच्या गळ्यात निरीक्षण आहे. रस्त्याच्या पलीकडून तो त्या माणसाकडे बघतोय, कळवळून बघतोय. एस्थर पस्तिशीची आहे आणि ती रस्त्याच्या अलीकडे आहे. पण म्हणून ती रडते का? अजिबात नाही. अल्बमच्या नावात किंकाळी आहे, या गाण्यात एकही नाही. बेस आपली छोटीशी ओळ पुन्हा पुन्हा फिरवतोय आणि ती त्यावर सरळ, कोरडी, जवळजवळ तक्रारीच्या सुरात सांगत जाते. सगळ्यात खुबीची जागा शेवटी आहे. लोक व्यसनी माणसाला सांगतात ना, सोड, थांबव, बंद कर. गाण्यात ते दोन-दोन शब्दांचे हुकूम येतात, पुन्हा पुन्हा. त्या इंग्रजी शब्दांत ‘क’ आणि ‘ट’ आहेत. एस्थर ते ‘क’ आणि ‘ट’ इतके टोकदार करते की ड्रमवरची काठी कुठली आणि तिची जीभ कुठली, हे कळेनासं होतं. उपदेश करणारे ठोकताहेत, ठोकताहेत. आणि मग ती उलट विचारते की तुम्ही कधी हे करून पाहिलंय का. तिथे आवाज मोठा होत नाही, फक्त थोडा रुंद होतो.

ही जखम नाही, ताई. ही तयारी आहे. बावीस वर्षं रंगमंचावर उभ्या राहिलेल्या बाईची तयारी. कुठला शब्द किती तोडायचा, कुठे मागे थांबायचं, ‘क’ कुठे वाजवायचा, हे दुःख शिकवत नाही. दुःख पुष्कळांच्या वाट्याला येतं, असं गाता फार थोड्यांना येतं. मी तिचं चरित्र माहीत नसताना हे गाणं वर्षभर ऐकलं आहे, म्हणून खात्रीने सांगते. त्या बिननावाच्या कॅसेटमधून मला एवढंच कळलं होतं की या बाईला आपण काय बोलतोय ते पक्कं ठाऊक आहे. नंतर तिची हकिकत वाचली तेव्हा मी हादरले, पण गाण्यात काही नवीन सापडलं नाही. सगळं आधीच तिथे होतं, तिने स्वतः ठेवलेलं होतं. आणि जे तिने निवडून, घासून, मायक्रोफोनपुढे उभं राहून आपल्या हाती दिलं, ते ऐकण्यात अपराध कसला? चोरून बघणं वेगळं. दिलेलं घेणं वेगळं.

उलट मला वाटतं, तिला फक्त ‘व्यसनातून गेलेली बिचारी’ म्हणून ऐकणं हा तिच्यावरचा अन्याय आहे. तिच्या हयातीत बातम्या त्याच्याच व्हायच्या. निदान आपण तिच्या शब्दफेकीवर बोलूया.

राहिलं तुमच्या घरचं. तिथे मी कोण सांगणार. पण गाणं लावताच छाती भरून येत असेल, तर ते लावायलाच हवं असं नाही. पहिलं गाणं सोडून दुसऱ्यापासून सुरुवात करा. शीर्षकगीत पश्चात्तापाचं आहे, पण त्यात घर नाही. आणि एखाद्या दिवशी त्या पहिल्या गाण्यातला शेवटचा उलट प्रश्न ऐकावासा वाटला, तर तो तुमच्या घरातल्या माणसाच्या बाजूने विचारलेला आहे एवढं लक्षात ठेवा. मला तरी तो नेहमी तसाच ऐकू आला आहे.

मी ड्रम शिकतो, दोन वर्षं झाली. सर म्हणतात पर्डी ऐक. या अल्बममध्ये नेमकं काय ऐकू?

सर बरोबर सांगताहेत. मोठे ठोके तुला ऐकू येतातच, ते सोड. दोन ठोक्यांच्या मधली जागा ऐक. तिथे डाव्या हाताने स्नेअरवर, म्हणजे मधल्या खणखणीत ड्रमवर, इतकं हलकं वाजतं की ठोका पडला की काठी नुसती टेकली, असा प्रश्न पडावा. ते काढून टाकलं तर ठेका चुकणार नाही, पण चालणं थांबेल. पहिल्यांदा आवाज मोठा ठेवून ऐक, मग अगदी लहान कर. लहान आवाजातही ते बारीक ठोके जाणवले, तर कान तयार होतोय असं समज.

आणि एक गंमत. गिल स्कॉट-हेरनच्या मूळ गाण्यावरही ड्रम पर्डीचेच आहेत. तेच गाणं, साधारण तोच काळ, तोच माणूस. गिलबरोबर तो वेगळा वाजवतो, एस्थरबरोबर वेगळा. का, ते शोध. मी सांगितलं तर तुझा आठवडा वाया जाईल.

अ‍ॅरेथा फ्रँकलिनने आपलं ग्रॅमी एस्थरला देऊन टाकलं, ही गोष्ट खरी का? की दंतकथा?

खरी आहे. मार्च १९७३ मध्ये नॅशव्हिलला ग्रॅमी सोहळा झाला. रिदम अँड ब्लूजमधल्या गायिकांच्या पुरस्कारासाठी एस्थरला याच अल्बमबद्दल नामांकन होतं. अ‍ॅरेथाला ‘यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक’साठी. जिंकली अ‍ॅरेथा. हा पुरस्कार सुरू झाल्यापासून दरवर्षी तीच जिंकत होती, हे सलग सहावं. आणि तिने ती ट्रॉफी एस्थरला दिली, कारण यंदाचा मान एस्थरचा आहे असं तिला वाटलं.

मला यात मोठेपणापेक्षा कान जास्त दिसतो. अ‍ॅरेथा स्वतः गाण्याच्या शिखरावर होती, तिचा तो अल्बमही काही लेचापेचा नव्हता. तरी दुसरीने काय केलंय हे तिला ऐकू आलं. आणि ड्रम शिकणाऱ्या आपल्या मित्रासाठी : अ‍ॅरेथाच्या त्या अल्बममधल्या ‘रॉक स्टेडी’वर कोण वाजवतंय ते बघ. पुन्हा पर्डी.

एस्थरला ग्रॅमी कधीच मिळालं नाही, हे मात्र मनाला लागतं. तिच्या घरात होतं ते अ‍ॅरेथाचं.

यानंतर काय ऐकू? तीन-चारच नावं सांगा.

एस्थरचंच ‘अलोन अगेन, नॅचरली’, त्याच वर्षाचं आणि त्याच लेबलचं. मग रोबर्टा फ्लॅकचं १९६९ चं ‘फर्स्ट टेक’. ते इतकं संथ आहे की पहिल्यांदा ऐकताना अस्वस्थ व्हाल, पण बेसवर रॉन कार्टर आहे, त्याचा हात धरून बसा. डी डी ब्रिजवॉटरचं १९७४ चं ‘अ‍ॅफ्रो ब्लू’. आणि ‘पीसेस ऑफ अ मॅन’, ते तर वर आलंच.

माझी आई सत्तरीची आहे. आयुष्यभर फक्त जुनी मराठी-हिंदी गाणी ऐकली. तिला यातलं एखादं गाणं आवडेल का? कुठलं लावू?

‘बेबी, आय अ‍ॅम फॉर रिअल’ लावा. पहिलं गाणं नको, ते नंतर कधीतरी. आधी काही सांगू नका, कुठली, कोण, केव्हाची, काही नाही. शब्द समजले नाहीत तरी चालतील, विनवणी कुठल्याही भाषेत ओळखू येते, आणि एस्थर ती लाचार न होता करते. आवाज लहान ठेवा. गाणं संपल्यावर आईंनी विचारलं, की ही मुलगी आहे की बाई, तर मला जरूर कळवा.